जानकूचा डोंगर

बेल्ह्यात पोपटलाल शेठचं वह्या-पेनांचं दुकान होतं. आठवडी बैलबाजाराच्या दिवशी ते रस्त्याकडेला ताडपत्री टाकून गाईडंही विकत. बैलाचे दात, खूर, शेपूट तपासून घेणारा शेतकरी पोराचं गाईड मात्र नुसतं हातावर तोलून घेई. जाड असलं की विद्या जास्त. पुण्याची गाईडं पातळ निघायला लागली तेव्हा, म्हणजे एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास, शेठनी आपणच जाड गाईड काढायचं ठरवलं. बायकोच्या नावावरून ‘सुंदर मार्गदर्शक’ हे नाव ठेवलं आणि मुखपृष्ठावर ‘अनुभवी अध्यापक मंडळ’ असं छापलं. हे मंडळ निरगुडसरला राहत असे आणि त्याला लोक संपत मास्तर म्हणत.

धंद्याचा नियम एकच. गाईड पाठ्यपुस्तकाच्या आधी बाजारात आलं पाहिजे. पुस्तक ऑगस्टात उगवणार, तोवर शाळा काही बंद ठेवता येत नाही. त्यामुळे मास्तर गाईडावरून शिकवत, पोरं गाईडावरून पाठ करत, आणि मग पुस्तक आलं तरी ते कशाला घ्यायचं, असा बिनतोड सवाल आईबाप करत. चार वर्षांत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या कितीतरी वर्गांतून पाठ्यपुस्तक दिसेनासं झालं. शेठ याला शिक्षणसेवा म्हणत.

शहाण्णव साली नववीचा मराठीचा अभ्यासक्रम बदलला. मास्तरांच्या साडूनं पुण्याहून नव्या धड्यांची यादी आणि बहुतेक धड्यांचे कच्चे कागद पैदा केले. एक धडा तेवढा हाती लागला नाही. ‘जानकूचा डोंगर’. इकडे छापखाना खोळंबला होता.

“नुस्त्या नावावर काय लिवू, शेठ?”

“मास्तर, तुमी इतकी वर्सं शिकवताय. जानकू गरीब असंल, डोंगर उंच असंल. बसा लिवायला.”

मास्तर बसले. जानकू गरीब, पण स्वाभिमानी निघाला. आईला दिलेला शब्द पाळण्यासाठी तो डोंगर चढला. डोंगर कष्टांचं प्रतीक ठरला. गाईडाला सहा पानांची जाडी आली. पुढे तो धडा पुस्तकातून ऐनवेळी वगळला गेला, पण हे कळायला कुणाला तरी पुस्तक उघडावं लागलं असतं.

ते उघडलं गेलं शेठच्याच घरात. त्यांची मुलगी डिंपल नववीत होती, आणि घरच्या पोरांनी घरचं गाईड वाचायचं नाही, हा सुंदरबाईंचा दंडक होता. “भेळवाला आपल्या पोरांना रोज भेळ घालतो का?” असं त्या विचारत.

सहामाहीला दहा मार्कांचा प्रश्न आला : जानकू डोंगरावर का गेला? डिंपलनं लिहिलं, ‘हा धडा पाठ्यपुस्तकात नाही.’ वर्गाला आठ-नऊ मार्क पडले, तिला भोपळा. दरवर्षीचा पहिला नंबर गेला. वर मुख्याध्यापक सावळेराम सरांनी निरोप धाडला, की पोरगी उर्मट झाली आहे, तिनं माफी मागावी, नाहीतर दुसरी शाळा बघावी. डिंपलनं ताटावरून उठून सांगितलं, “पप्पा, मी माफी मागणार नाही. तुम्ही सरांना खरं काय ते सांगा.”

खरं सांगावं तर गाईड बुडतं, गप्प बसावं तर पोरगी. तिसऱ्या दिवशी पाठ्यपुस्तक काखेत मारून शेठ शाळेत गेले.

“शेठ, गाईड तुमचं, पोरगी तुमची,” सावळेराम सर म्हणाले, “आन आमाला म्हणती, धडाच न्हाई!”

“खरं हाय तिचं, सर. धडा न्हाई. आमी अंदाजानं छापला.”

सर मनापासून हसले. “पोरीपायी बाप काय काय बोलतो, राव! आवं, म्या स्वतः शिकवलाय त्यो धडा. शेवटाला पोरी रडल्या.”

शेठनी पुस्तक पुढे केलं. सरांनी ते उलटसुलट केलं, अनुक्रमणिका पाहिली, शिवण चाचपली.

“पानं गळाल्यात.”

“समद्याच पुस्तकांतनं?”

“सरकारी काम हाय, शेठ. तुमच्या गाईडात कदी पान गळालं का? मग!”

शेठ आयुष्यात पहिल्यांदाच मालाबद्दल खरं बोलले होते, आणि नेमकं तेच खपलं नाही.

तरी सरांनी मोठ्या मनानं माफी माफ केली आणि तोच प्रश्न पुन्हा सोडवण्याची संधी दिली.

“गाईडातलं लिहिणार नाही,” डिंपल म्हणाली.

“मग काय लिवशील, बाई?” शेठनी विचारलं.

“धडाच नाही, तर काहीही लिहिलं तरी बरोबर.”

तिनं लिहिलं, की जानकूची शेळी वर राहिली होती म्हणून तो डोंगरावर गेला. आईनं त्याच्याकडून शब्दबिब्द काही घेतला नव्हता; शेळी कुठंय, एवढंच विचारलं होतं. सरांनी दहापैकी पाच मार्क दिले आणि लाल शाईनं शेरा मारला : ‘उत्तर चांगले, परंतु गाईडप्रमाणे नाही.’

शेठनी शेरा दोनदा वाचला. वाद घालून उपयोग नव्हता, हे ते शाळेत शिकून आले होते. बापाच्या हातात एकच उपाय उरला होता. दुकान सुंदरबाईंवर सोडून त्यांनी निरगुडसर गाठलं.

“मास्तर, जानकूची शेळी वर राहिलीय.”

“आन आईचा शब्द? कष्टाचं प्रतीक?”

“ते काढा. शेळी घाला.”

जानेवारीत ‘सुधारित आवृत्ती’ आली. सुधारित म्हटल्यावर जुनी घरात असूनही लोकांनी ती घेतली, आणि हातावर तोलून समाधान व्यक्त केलं. सरांनी वर्गाला नवं उत्तर शिकवलं. जुनं चुकलं होतं का, असं कुणी विचारलं नाही. वार्षिक परीक्षेत अख्खा वर्ग शेळी आणायला डोंगरावर गेला. डिंपलनं आपलंच उत्तर पुन्हा लिहिलं आणि दहापैकी दहा मिळवून पहिली आली.

निकालाच्या दिवशी सावळेराम सर मुद्दाम दुकानात आले. डिंपल गल्ल्याशेजारी बसली होती. तिच्या पाठीवर थाप मारून सर शेठना म्हणाले, “बगा, आमी सांगत व्हतो न्हवं? आता कशी गाईड वाचून लिवायला लागली!”