उखर्डू भगताचं पागोटं

तांब्याची तार अर्धीच गुंडाळून ललितने दुरुस्तीला आलेली पंपाची मोटार बाजूला सारली आणि गुडघा धरून तो उठायला गेला. पहिल्या खेपेला उठता आलंच नाही. मग टेबलाचा आधार घेतला, तेव्हा बायको मोहिनी चहा घेऊन दुकानाच्या दारात उभी होती.

"पंचांना सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

"मग काय! आखाजी तोंडावर आलीय, म्हणतात. भगत असा बदलतो का कुणी? मरीमाय सांभाळेल."

"डॉक्टर गुडघ्याबद्दल काय म्हणाले ते सांगितलं ना?"

ललितने चहा एका घोटात संपवला.

गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मरीमायच्या यात्रेत बारागाड्या ओढतात. एकामागे एक जोडलेल्या बारा बैलगाड्या, त्यांवर चढलेली माणसं आणि पुढे कमरेला दोर बांधलेला भगत. मागून पुष्कळ हात ढकलतात, पण मान दोराचा. हा मान पणजोबा उखर्डू भगतापासून ललितच्या घरात होता. उखर्डूला दोन बायका. दुसरीचा पुना वयाने मोठा, पहिलीचा झिपरू धाकटा. उखर्डूने मरताना पागोटं झिपरूच्या डोक्यावर ठेवलं. झिपरूनंतर त्याचा मुलगा गिरधर आणि गिरधरनंतर त्याचा मुलगा ललित. पुनाचा मुलगा प्रेमराज, म्हणजे ललितचा चुलतकाका, दर वर्षी यात्रेच्या बैठकीत उभा राहायचा आणि मोठ्याचा मान धाकट्याला गेला म्हणून भांडायचा. दर वर्षी लोक त्याला हाताला धरून खाली बसवायचे.

ललितला हा मान हवा होता का, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी ओढताना गुडघ्याने दगा दिला आणि पहिल्या गाडीचं चाक त्याच्या टाचेला चाटून गेलं. ते त्याने फक्त मोहिनीला सांगितलं होतं. लोक विचारायचे ते वेगळंच. "दोन पोरीच ना तुला? मग पुढे भगत कोण?" जसा काही त्याने गुन्हाच केला होता.

त्या संध्याकाळी चाळीसगावहून तार घेऊन परतताना तो घरी न जाता सरळ प्रेमराजच्या खळ्यात गेला. प्रेमराज कडबा तोडत होता.

"नाना, यंदा दोर तुम्ही ल्या. पंचेसले मी सांगस."

प्रेमराजचा हात थांबला.

"काय म्हनस?"

"मान तुम्हनाच व्हता. पुनाआबा मोठा व्हतात."

प्रेमराजने विळा खाली ठेवला, पुन्हा उचलला. अंगणाकडे पाहत म्हणाला, "यंदा? माले दम लागस."

"मग तुम्हना पोऱ्या समाधान ओढी."

"त्याले दीपनगरनी नोकरीमां सुट्टी भेटत नही."

"पुढना वरीसले?"

"पुढनं पुढे दखसू."

ललितचा आवाज चढला. "जलमभर भांडनात, नाना. आते मी देस तं नको?"

"तू मनाकडे उना, कारन तुना गुडघा गया," प्रेमराज म्हणाला. "मना पाय धड व्हतात, तवय कोनी इचारं नही."

ललितने बाहेर येऊन मोटारसायकलला लाथ मारली. ती सुरू होईना. लाथा मारून मारून गुडघा ठणकायला लागला, तशी त्याने गाडी तिथेच सोडली आणि लंगडत घर गाठलं.

आखाजीला त्याने अंगाला हळद लावली, पागोटं बांधलं, मरीमायला नारळ फोडला. भाऊबंदांतली दोन तरणी माणसं भगताचे दंड धरायला दोन्ही बाजूंना उभी राहिली. दोर कमरेला आवळला गेला. तेवढ्यात गर्दीतून प्रेमराज पुढे आला. उजवीकडच्याला त्याने खांद्याने बाजूला केलं आणि ललितचा दंड स्वतः धरला. पुनाच्या घरचं माणूस आजवर दोराजवळ आलं नव्हतं. त्याने ललितकडे पाहिलंही नाही.

आरोळी उठली. गाड्या करकरल्या, हलल्या. निम्म्या रस्त्यात ललितचा गुडघा वाकला आणि मागच्या चाकांचा आवाज एकदम जवळ आला. प्रेमराजने हात त्याच्या काखेत घालून त्याला वर खेचलं.

"टाक पाय," तो दातओठ खात म्हणाला. "टाक!"

गाड्या देवळाशी थांबल्या तेव्हा प्रेमराजची छाती भात्यासारखी हलत होती. दंड सोडून तो गर्दीत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ललित स्टँडवरच्या हॉटेलात शिरला, तर बाकावर बसून प्रेमराज रंगात येऊन सांगत होता, "यंदा गाड्या मी ओढ्यात. त्याना पाय तं रस्तामांच मुडना!"

माणसं हसली. कुणाला तरी ललित दिसला.

"ललितभाऊ, खरं शे का?"

प्रेमराजचा ग्लास तोंडापाशीच राहिला. गुडघ्यामुळे रात्रभर ललितला झोप नव्हती, आणि ज्यांनी त्याला दोर सोडू दिला नव्हता तेच आता समोर हसत बसले होते.

"खरं शे," तो म्हणाला. "नानानीच ओढ्यात."

हसणं थांबलं. त्याने चहा मागितला. प्रेमराज बाकावर थोडा सरकला. ललित बसला. पाय वाकत नव्हता, म्हणून तो तसाच पुढे पसरून ठेवला.

दोघांनी चहा संपवला. मग रस्त्याकडे पाहत प्रेमराज म्हणाला,

"पन पागोटं धाकलाले गयं, ते चुकनंच."