पायातला तांबडा दगड

पाया घातला, पाया पुरला, पाया उकरला, आता पाया पुन्हा घालायचा. आमच्या पंथाच्या खोऱ्यात देवाचं मंदिर असं उभं राहतंय, आणि माझ्या घरात चूल नाही.

माझा नवरा लेव्ही पाथरवट. दहांतला एक दिवस देवाच्या कामाचा, हा आमचा नेम. लेव्हीचे उरलेले नऊही तिकडेच जातात. दिवसभर त्याची छिन्नी वाजते, रात्रभर माझे दात वाजतात.

आमच्या पंथावर सरकारची फौज येतेय म्हटल्यावर यानेच पायावर माती लोटली, वर नांगर फिरवला. बघणाऱ्याला वाटावं, शेतच आहे. फौज सरळ पुढे निघून गेली. कुणी वाकूनसुद्धा बघितलं नाही! मग उकरलं, तर दगडांना भेगा.

"तांबडे काढून डोंगरातले पांढरे बसवायचे," लेव्ही म्हणाला. "हजार वर्षं टिकायला हवं, केझाया."

"आणि मी? दाराबाहेर बर्फात पाव भाजतेय. मला या हिवाळ्यात टिकायचंय! काढलेल्यातला एक आण, चुलीला बसव."

"देवाला वाहिलेला दगड घरी आणू? बिशप काय म्हणतील?"

मग मीच गेले. बिशप हॅडफील्ड चराच्या कडेला उभे होते, लेव्ही खाली चरात.

"बिशप, हे भेगाळलेले कुठे जाणार?"

"भरावात, सिस्टर."

"म्हणजे देवाला नकोत."

"तसं... म्हणता येईल."

"मग मला द्या. मी काही देवाइतकी चोखंदळ नाही. पोरं मोठी होईस्तोवर टिकला, तरी पुरे."

बिशपांनी दाढी खाजवली. "लेव्ही, बैल जुंप रे बाबा. नाहीतर ही इथेच चूल मांडायची."

संध्याकाळी दगड घरात बसला. कडेला लेव्हीच्याच छिन्नीचे घाव, तरुणपणीचे, पेरल्यासारखे एका ओळीत. मी विस्तव घातला. दगड हळूहळू तापला, पिकल्या जर्दाळूसारखा उजळला. पोरं जवळ सरकली. मी पीठ मळायला घेतलं.

लेव्ही गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून, दगडाकडे बघत होता.

"केझाया, विस्तव काढ जरा. हा कोपरा खचलाय. उकरून पुन्हा घालतो."

पिठाचे हात तसेच ठेवून मी उठले आणि त्या कोपऱ्यावर जाऊन बसले. छान ऊब होती.

"उकर," म्हटलं.