बिननंबरी एकतीस दात

लेक नऊ वर्षांची झाली तरी तिचा वरचा समोरचा दात काही येईना. शाळेत पोरं चिडवायची. दोन वर्षं झाली, ही बया हसायचीच बंद झाली होती. दवाखान्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला नि म्हणाल्या, "घाबरू नका, साधी गाठ आहे, कॅन्सरबिन्सर काही नाही. आत एकतीस चिमुकले दात आहेत. त्यांनी खऱ्या दाताची वाट अडवलीय. काढले की येईल तो खाली."

घ्या! मागितला एक, निघाले एकतीस!

पण खिडकीतला कारकून अर्ज घेईना. "दात काढायचा तर अर्जात दाताचा नंबर लागतो, एक ते बत्तीस. ह्यांना नंबरच नाहीत."

"मग काय लोणचं घालू त्यांचं?" मी भडकले.

सासरे सोबत होते. तोंडात एक दात नाही, पण जीभ धारदार. म्हणाले, "माझे बत्तीस नंबर रिकामे पडलेत. घाला त्यात."

कारकुनाला हायसं वाटलं. एकतीस रकाने भरले, बत्तिसाव्यात खरा दात लिहिला, 'यायचा आहे'. आणि नाव? सासऱ्यांचं! नंबर त्यांचे ना!

थोड्या वेळाने नर्स सासऱ्यांनाच खुर्चीत बसवायला घेऊन निघाली. मी असा आरडाओरडा केला की डॉक्टरीणबाई धावत बाहेर आल्या. त्यांनी कपाळावर हात मारला आणि पोरीला आत नेलं. गाठ निघाली. राईएवढे दात, ताटलीत मोजून एकतीस.

कागद मात्र सासऱ्यांच्याच नावावर राहिला. दर महिन्याला डॉक्टरीणबाई पोरीला तपासायच्या, "येईल, धीर धरा" म्हणायच्या. मग खिडकीत सासरे आ करायचे, कारकून टॉर्च मारून बघायचा आणि बत्तिसाव्या रकान्यापुढे लिहायचा, 'नाही'. सात महिने हाच तमाशा. सासऱ्यांना मजा वाटायची. मी मात्र रोज रात्री पोरीची हिरडी चाचपायचे. नाहीच आला तर? पोर जन्मभर अशीच ओठ मिटून बसायची?

आठव्या महिन्यात हिरडीतून पांढरं टोक डोकावलं. मी खिडकीशी जाऊन म्हटलं, "आज हिचं तोंड बघा."

"कागद आजोबांच्या नावावर आहे," कारकून म्हणाला.

तेवढ्यात पोरीने आजोबांना बाजूला सारलं, खिडकीत डोकं घातलं आणि हा मोठा आ केला. "आजोबांचा दात माझ्याकडे आहे!"

कारकुनाने टॉर्च मारला. नीट पाहिलं. 'आला,' लिहिलं.

आणि पोर हसली. खदाखदा, सगळ्या रांगेसमोर.

मागून लोक ओरडत होते, "अहो बाई, सरका की!" सरकते कसली, मी तिथेच उभी राहून रडत होते.