धुऱ्यावरची घाणेरी

नाव ऐकून नाक मुरडू नका. मी घाणेरी बोलतेय. पानं चुरगाळली की वास येतो, कबूल! पण माझी फुलं पाहिलीत का कधी? एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी.

मूळची मी अमरावतीची, बापूसाहेब वकिलांच्या बंगल्याच्या कुंपणातली. मेळघाटच्या पायथ्याचे शेतकरी नत्थुजी खटल्यासाठी तिथे आले होते. बसून बसून कंटाळले आणि माळ्याला म्हणाले, "काहून गा, याले बकऱ्या खात नाईत काय?"

"तोंडबी लावत नाईत," माळी म्हणाला.

झालं! नत्थुजी खटला हरले, पण माझी फांदी बैलगाडीत घालून मोठ्या ऐटीत घरी परतले. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, त्यांनी मला लावलं आणि मी अशी फोफावले की बोलायची सोय नाही. रानातली गुरं मला पाहून माघारी फिरायची. नत्थुजी गावभर माझं कौतुक करत हिंडायचे.

माझी काळी फळं बुलबुल खायचे नि बिया रानात टाकायचे. बऱ्याचशा मात्र माझ्याच पायाशी पडल्या आणि शेकडो पोरी उगवल्या. आता खरं सांगू? मी त्यांना वाढू दिलं नाही. ऊन वरच्यावर झेलायची ती मी, पाणी आधी प्यायची तीही मीच. पोरी बिचाऱ्या वर्षानुवर्षं वीतभरच राहिल्या, पिवळ्या तोंडाच्या. आईला शोभणारं वागणं नव्हतं हे. पण जागा एवढीशी आणि तोंडं शंभर!

पुढे माझा हात वावरात शिरला. कपाशीच्या चार ओळी मी गिळल्या, तशी नत्थुजींची बायको गोदाबाई कडाडली, "खोदून फेका हिले!"

तिची सून शकुन हळूच म्हणाली, "आत्याबाई, बुढीले राहू द्या. आदी ह्या बारक्या उपटा. बुढी गेली तं ह्या सुटतीन."

"तुले लय समजते! माय गेली का लेकरं आपोआप मरतेत."

घरात गोदाबाईपुढे नत्थुजींचंही चालत नसे, तिथे सुनेचं कोण ऐकतं? भर उन्हाळ्यात दोन दिवस घाम गाळून त्यांनी मला मुळासकट उपटलं आणि धुऱ्यावर उलटं टाकलं. पोरींना कुणी बोटही लावलं नाही. मरणारच होत्या ना त्या!

मरतात कसल्या! डोक्यावरची मी गेले, ऊन मिळालं, पाऊस मिळाला. पोळ्यापर्यंत पोरी कमरेएवढ्या झाल्या आणि एकमेकींच्या उरावर बसत कपाशीच्या आठ ओळींवर चढल्या. वाळून काटकी झालेली मी हे बघत होते. आधी जळफळले, मग अभिमान वाटला, मग आपलीच लाज वाटली.

गोदाबाई वावरात आली आणि गेलेल्या ओळी मोजू लागली. "यंदाची कपाशी गेली व माय!" शकुन मागे विळा घेऊन उभी होती. "मी म्हटलं होतं" असं ती म्हणाली नाही, हे तिचं मोठेपण. गोदाबाईनं मान वळवली.

"सांग ना व शकुन, आता काय करू?"

"फळं धराच्या आत उपटू. भुई ओली हाय, मुळासकट निंगतीन. कपाशी वाचते अजून."

"मंग कुठून लागू?"

शकुननं जागा दाखवली आणि गोदाबाईनं पदर खोचला.

चार दिवस दोघी खपत होत्या. एकेक पोर उपटली जाताना माझ्या वाळक्या काळजात चर्र होत होतं. पण कपाशी मोकळी झाली, हेही खरंच. आज सासू-सुना शेवटची पेंडी बांधतायत. मलाही मोळीत घेतलंय, उद्या चुलीत जाईन. वाळलेली मी छान पेटते, त्याचं दुःख नाही.

फक्त एक सांगते, कुणाला बोलू नका. धुऱ्यावरच्या त्या बोरीच्या आड एक बारकी राहिलीय, दोघींच्याही नजरेतून सुटलेली. मला इथून स्वच्छ दिसतेय. जन्मभर मी तिचं ऊन खाल्लं. आज निदान गप्प तरी बसते.