बारा नंबरांचा फरक

अंधेरीच्या त्या कॉलेजात क्रॉस कंट्रीची टीम असावी असं दत्ताराम सरांखेरीज कुणालाही वाटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. क्रिकेट होतं, कॅरम होता, झालंच तर बॅडमिंटनचा एक हॉल होता, त्यात वर्षातले सहा महिने परीक्षेची बाकं रचलेली असत. पण चढणीवरून, चिखलातून, गोठ्यांमागच्या शेणातून सहा मैल धावत सुटायचं आणि शेवटी टाळ्या वाजवायला चार माणसं, हे खूळ सर्वस्वी सरांचं. सर म्हणजे जिमखान्याचे पी.टी. शिक्षक. मूळचे मालवणकडचे, वडील लालबागला गिरणीत, स्वतः राहायला कांदिवलीला. पोट जरा सुटलेलं. त्यांना स्वतःला धावताना कुणी पाहिलं नव्हतं. पोरं पुढे धावायची आणि हे मागून सायकलवर शिट्टी फुंकत यायचे.

सहासष्ट साली टीम पहिल्यांदा कॉलेजांच्या स्पर्धेला गेली. सहा पोरं सुटली, चार पोचली. उरलेली दोघं वळण चुकली आणि बटाटेवडे खाऊन बसनं परत आली. सदुसष्टला नववा नंबर. अडुसष्टला मात्र कमाल झाली. टीम दुसरी आली. प्रिन्सिपॉल मार्तंड पाळंदे यांनी स्वतः हार घातले, कॉलेजच्या अंकात फोटो छापला आणि फोटोखाली सरांचं नाव छापायचं विसरले. एकोणसत्तरला कॅप्टन पदवी घेऊन बाहेर पडला, दोघं नापास झाले, एकाला बापानं साकीनाक्याच्या कारखान्यात चिकटवलं, आणि टीम अकरावी आली. अकरावी! असं आहे हे कॉलेजातलं धावणं. मोठ्या कष्टानं पोरगं तयार करावं, की ते पास तरी होतं नाही तर नापास तरी. दोन्हींत आपलं नुकसानच.

सत्तरच्या जूनमध्ये पाळंद्यांनी सरांना बोलावून घेतलं. "हे पाहा, जिमखान्याला क्रिकेटची नेट लावायचीय," ते म्हणाले. "या वर्षी पहिल्या तिनात आलात तर टीम राहील. नाही आलात तर बंद. मला वाईट वाटतं, पण बंद."

वाईट बिईट त्यांना काही वाटत नव्हतं. सरांना मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. बायको रत्नप्रभा म्हणाली, "पोरांच्या धावण्यासाठी तुम्ही का उपाशी मरताय?" उभ्या आयुष्यात स्वतः सुरू केलेली अशी त्यांच्याकडे ही एकच गोष्ट होती, आणि ती जाणार म्हटल्यावर त्यांना रडूच येत होतं. पण असं बायकोला कोण सांगतो?

पाळंद्यांची अट सरांनी पोरांना सांगून टाकली. टीमचा सगळा भार होता मढच्या दोन कोळ्यांवर. महादू आणि अनंता. नात्यानं मामा-भाचे, वयात अंतर दोन वर्षांचं. महादू ज्युनियर बी.ए.ला, अनंता एक वर्ष मागे, इंटरला. लहानपणापासून वाळूत पळालेले, त्यामुळे पोटऱ्या अशा की सरांनी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा त्यांची शिट्टीच वाजेना. साकीनाक्याच्या रस्त्यानं सराव चाले, तेव्हा कारखान्यांतले कामगार दारात येऊन ओरडत, "काय रे, पोलीस मागे लागला काय?" बाकीची पोरं शरमायची. हे दोघे हात हलवून पुढे जायचे.

महादूचा बाप वारल्यापासून सुट्टीत घरची बोट महादूच चालवी, आणि अनंता त्याच्या हाताखाली. त्यांच्या घरची एक रीत होती. बोट किनाऱ्याला लागली की आधी मामा उतरणार, मग भाचा. माल कितीही जड असो, लाट कशीही असो, भाचा मामाच्या आधी जमिनीला पाय लावत नसे. लावायचा नाही म्हणजे नाही. त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

दत्ताराम सरांना ही रीत कळली आणि त्यांना आनंदच झाला. कारण अनंता होता घाईचा. सुरुवातीलाच सुसाट सुटायचा आणि तिसऱ्या मैलाला त्याची वाट लागायची. सरांनी त्याला एकच मंत्र दिला, "तू फक्त मामाच्या मागे राहा. बाकी काही बघू नकोस." झकास लागू पडलं! दोन वर्षं अनंता मामाच्या पाठीकडे बघत धावला. त्याची दमछाक थांबली, नंबर वर आला. सरांना वाटलं, आपण किती हुशार.

स्पर्धा डिसेंबरात, आरेच्या टेकड्यांमध्ये. हिशेब सोपा असतो. प्रत्येक कॉलेजची सहा पोरं धावतात, त्यांतल्या पहिल्या चौघांचे नंबर मिळवायचे. ज्यांची बेरीज सगळ्यांत कमी ते पहिले. प्रत्येक कॉलेजच्या पी.टी. शिक्षकाला त्या दिवशी काही ना काही काम द्यायची पद्धत होती. सरांच्या वाट्याला दोरीची गल्ली आली. शेवटची रेघ ओलांडली की दोन दोऱ्यांमधून पोरांनी एकामागे एक यायचं, आणि सरांनी ज्याच्या त्याच्या हातात त्याच्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला द्यायचा. हातात आला तो नंबर पक्का. मग कुणाची तक्रार चालत नसे.

चंद्रप्रकाश नावाचं त्यांचं एक शांत पोरगं नववं आलं. सरांनी बिल्ला दिला आणि तोंड गंभीर ठेवलं. सतरावं आलं ते पण त्यांचंच. नऊ आणि सतरा सव्वीस. सर मनातल्या मनात बेरजा करत होते. आपल्याही आणि पिवळ्या बनियनवाल्या कॉलेजच्याही, कारण तिसरं यायचं तर त्या पिवळ्यांनाच मागे टाकावं लागणार हे एव्हाना दिसत होतं. पिवळ्यांचे तिघे येऊन गेले होते. आता त्यांचा चौथा आधी येतो, की आपले दोघे?

तेवढ्यात शेवटच्या उतारावर अनंता दिसला. एकटा. महादू कुठाय? झालं होतं असं, की उतारावरच्या खडीत महादूचा पाय घसरला आणि तो गुडघ्यावर पडला. मागून उताराच्या वेगानं येणाऱ्या अनंताला थांबता आलं नाही, तो पुढे निघून गेला. महादू उठला, धावू लागला. त्याच्या मागे तीस पावलांवर पिवळं बनियन.

वीस नंबरचा बिल्ला देऊन झाला होता. एकवीस सरांच्या हातात तयार. अनंता रेघेपर्यंत आला आणि थांबला.

हो, थांबला. रेघेच्या अलीकडे दोन पावलं. बाजूला सरकला, मागे वळला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"अरे मेल्या, भितर ये!" अधिकाऱ्यानं ओरडायचं नसतं हे विसरून सर मालवणीत ओरडले. "रेघ वलांड, रेघ!"

"मामा येतोय ना, सर," अनंता म्हणाला. धाप लागली होती तरी हसला.

मामा आला. गुडघ्यातून रक्त, डोळे अर्धे मिटलेले, शेजारून कोण काय करतंय याचं त्याला भान नव्हतं. रेघ ओलांडून गल्लीत पडल्यासारखा आला. एकवीस. त्याच्या मागे लगेच अनंता निघाला, पण उभा राहिलेला माणूस आणि धावत आलेला माणूस, यांत आधी कोण जाणार? पिवळं बनियन घुसलं. अनंता त्याच्या मागून.

दोघंही दोरीला धरून वाकले होते. दोघांच्याही माना खाली. बावीस आणि तेवीस असे दोन बिल्ले सरांच्या हातात, आणि आजूबाजूचे सगळे उतारावर पडलेल्या दुसऱ्या कुणाकडे तरी बघत होते. बेरीज तर सरांच्या डोक्यात तयारच होती. अनंताला बावीस दिला तर आपले एकोणसत्तर, पिवळ्यांचे सत्तर. टीम तिसरी. अनंताला तेवीस दिला तर बरोब्बर उलटं.

दत्ताराम सरांनी बावीस नंबरचा बिल्ला पिवळ्या पोराच्या हातात दिला आणि तेवीसचा अनंताच्या. का दिला, असं विचारलं असतं तर त्यांना नीट सांगता आलं नसतं. फार थोर विचार वगैरे त्या क्षणी त्यांच्या डोक्यात नव्हता. आधी आलेल्याला आधीचा बिल्ला, त्यांच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

मैदानावर पहिल्या तीन कॉलेजांची नुसती नावं वाचली गेली. आकडे टाइप होऊन चार दिवसांनी कॉलेजात आले. पाळंद्यांनी कागद पाहिला. "एकाच नंबरानं गेलं? अरेरे," ते म्हणाले आणि नेटवाल्याला फोन लावला.

पुढच्या रविवारी सर वर्सोव्याहून होडीनं मढला गेले. टीम बंद झाल्याचं पोरांना आपण स्वतः सांगावं, नोटीस बोर्डावर वाचायला लावू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. महादूची आई अंजनाबाई अंगणात बोंबील सुकवत होती. "बसा मास्तर, जेवल्याबिगर जायाचं नाय," म्हणून ती आत गेली. महादू गुडघ्याला फडकं बांधून बसला होता. अनंता समोर जाळं विणत होता, पण त्याचं लक्ष जाळ्यात नव्हतं. पोरगं आठ दिवसांत वाळलं होतं. डोळे खोल गेले होते.

सरांनी सांगितलं.

मग अनंतानं मान खाली घालूनच विचारलं, "सर, किती नंबरांनी गेलं? एका नंबरानं काय?"

सर सुकत घातलेल्या बोंबलांकडे बघू लागले.

"आपले सत्तर झाले, ते ठाऊक हाय," अनंता म्हणाला. "त्यांचे किती? तो पिवळा माझ्या म्होरं शिरला, सर. मी उभा राहिलो म्हणून. आठ दिस झाले, मला झोप नाय. आमच्यामुळं तुमची टीम गेली काय, तेवढं सांगा."

ज्या माणसानं मैदानात एक बिल्ला इकडचा तिकडे केला नव्हता, तो माणूस त्या अंगणात बसून सरळ खोटं बोलला. मामाच्या मागे राहा, हे त्याला कुणी शिकवलं होतं? आपणच ना? मग त्या पोरानं का जळावं?

"वेडा आहेस काय रे?" सर म्हणाले. "त्यांचे अठ्ठावन्न. बारा नंबरांचा फरक पडला. तू उभा राहिलास काय अन् झोपलास काय, काही होणार नव्हतं."

अनंतानं वर पाहिलं. "बारा? खरं?"

"देवाशप्पथ."

पोरगं इतकं मोकळं हसलं की सरांना वाटलं, चला, हे एक काम तरी आपल्या हातून बरोबर झालं. "अरे बापरे, बारा!" म्हणत अनंता उठला आणि आजीला हाक मारली, "आयो, माझं पण पान वाढ गं!"

महादू मात्र हसला नाही. तो उठून आत गेला आणि हातात दोन-तीन मोठे कागद घेऊन आला. आखीव फुलस्केप, दोन्ही बाजूंनी भरलेले.

"सर, अर्ज केला होता," तो म्हणाला. "प्रिन्सिपॉलसाहेबांना. टीम बंद करू नका म्हणून. दोनशे चौदा सह्या हायत. चंद्रप्रकाशनं पण वर्गावर्गात फिरून घेतल्या, क्रिकेटवाल्यांनी पण दिल्या. म्हटलं, दोन-चार नंबरांनी गेलं असंल तर साहेब ऐकतील, अजून एक वर्ष देतील."

सरांनी कागद हातात घेतले. निळी शाई, काळी शाई, कुणाची पेन्सिल. ज्यांना आपल्या टीमचं नावसुद्धा माहीत नसेल असं त्यांना पाच वर्षं वाटत आलं होतं, त्या पोरांच्या सह्या.

"पण बारा म्हणजे फारच झालं," महादू म्हणाला. "मग साहेबांचं तरी काय चुकलं? आपली तेवढी लायकीच नव्हती. काय सर, देऊ का अर्ज? का नको? तुम्ही सांगाल तसं."

खरं सांगितलं असतं तर काम होण्यासारखं होतं. एकाच नंबरानं गेलं, हा कागद जिमखान्याच्या कपाटात आहे, त्याच्यासोबत ह्या सह्या लावा; पाळंदेसुद्धा दोनशे चौदा पोरांपुढे नरमले असते. पण मग तो एक नंबर अनंताच्याही कानावर जाणार होता. दत्ताराम सरांचा जीव नुसता तळमळला. त्यांनी दारातून आत चुलीकडे पाहिलं. अनंता पाटावर बसून भातात कालवण ओतून घेत होता आणि आजीला काहीतरी सांगून हसवत होता. आठ दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवत होता.

"नको देऊस," सर म्हणाले. "बारा नंबरांनी हरलो आपण. कुठल्या तोंडानं द्यायचा?"

"बरोबर हाय," महादू म्हणाला.

जेवण झालं. निघताना अंजनाबाईनं मास्तरांच्या घरच्यांसाठी सुके बोंबील काढले आणि बांधायला कागद मागितला. महादूनं अर्जाचे कागद पुढे केले. तिनं ते एकावर एक ठेवले, बोंबील मधे घालून घट्ट पुडी बांधली आणि सरांच्या हातात दिली. सर "बरं, येतो" म्हणाले आणि होडीकडे निघाले. पुडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, आणि मागून अनंता अगदी खुशीत ओरडत होता, "सांभाळून जा सर, भरती हाय!"