अंगाऱ्याची रेघ

रूपरावांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भल्या सकाळी सगळं गाव लोटलं होतं. पेरणीआधी धुऱ्यावरचं वाळकं गवत जाळायची इथली जुनी रीत. यंदाही ती आग ज्वालागिरी महाराज मंत्राने बांधणार होते.

"अग्नी म्हंजे माह्यं लेकरू," रेशमी कफनी सावरत महाराज म्हणाले. "मी बैस म्हटलं का बसते."

त्यांनी काडी ओढली. आग गवतातून सरपटत अंगाऱ्याच्या पांढऱ्या रेघेपाशी आली आणि विझली. जयजयकार झाला आणि अंगाऱ्याच्या पुड्यांसाठी हात पुढे झाले.

आकांक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रूपरावांची ही लेक आर्वीच्या शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या उन्हाळ्यात महाराजांचा असाच चमत्कार पाहून तिच्या वडिलांनी पुडीतला अंगारा नुसता गवतावर टाकून धुरा पेटवला होता. जवळ पाणी ठेवायचं नाही, पाण्याने बंध तुटतो, अशी महाराजांची ताकीद. वारा सुटला, गोठा पेटला, दाव्याला बांधलेला बैल तडफडून मेला. वडिलांना वाचवायला आई मनकर्णाबाई बादली घेऊन धावली आणि दोन्ही हात भाजून बसली. वर महाराजांचा निवाडा असा, की बाईने पाणी आणलं म्हणून बंध तुटला. गोठा आधी पेटला की बादली आधी आली, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. शेजारणींनी मनकर्णाबाईला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं आणि रूपराव तिच्याशी धड बोलेनासे झाले.

आकांक्षा सरळ रेघेपाशी गेली आणि चपलेने अंगारा बाजूला सारला. खाली खुरप्याने खरवडलेली कोरी माती होती, गवताची काडी नाही. आदल्या संध्याकाळी चेल्यांनी इथे चादरी लावून 'मौनविधी' केला होता. कुणी पाहिलं तर बंध तुटतो म्हणे! आणि महाराजांनी काडी लावली होती ती अशा बाजूने, की आगीला वाऱ्याच्या उलट यावं लागलं.

"मंत्राची जागा दिसली का सगळ्याईले?" तिने विचारलं.

लोक कुजबुजले, पण पटेना. तेव्हा तिने वावरातल्या मोकळ्या खळ्यावर गव्हांड्याचे, म्हणजे गव्हाच्या वाळक्या काडाचे, दोन लांब पट्टे अंथरले. पहिला सलग ठेवला आणि त्यावर महाराजांनाच अंगारा टाकून मंत्र म्हणायला लावला. दुसरा मधोमध तोडून दोन हात जमीन उघडी ठेवली. तिथे ना अंगारा, ना मंत्र. दोन्हींच्या मध्ये पाण्याने भरलेला ड्रम आणि ओली पोती ठेवली.

"पाणी पाहून अग्नी रुसतो," महाराज घाईने म्हणाले.

"रुसू द्या. पाणी दोन्हीकडं सारखंच आहे. रुसला तं दोन्हीकडं रुसन."

तिने दोन्ही पट्टे पेटवले. पहिल्यातली आग अंगाऱ्यावरून न थांबता पलीकडे गेली. दुसऱ्यातली उघड्या जमिनीपाशी आली, तिला खायला काही मिळालं नाही, आणि ती तिथेच विझली. पोती टाकून तिने उरलेलं विझवलं. महाराज श्रद्धेवर काहीतरी पुटपुटत जीपकडे निघाले होते.

"जाळल्याशिवाय भागत असन तं जाळूच नका," आकांक्षा म्हणाली. "जाळाच लागलं तं वारा पडलेला पाहा. भोवतालचं गवत खरवडून काढा. पाणी जवळ ठेवा, अन् राख थंडी झाल्याबिगर हलू नका. पाणी ठेवू नका म्हणणाऱ्या माणसाले तुमचं घर जळालं तरी काही फरक पडत नाई."

रूपराव मान खाली घालून बायकोसमोर आले. "गोठा माह्या हातानं जळला," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "तुनं तं मले वाचवलं."

मनकर्णाबाईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "एवढं समजाले सालभर लागलं तुमाले," ती म्हणाली. "माह्ये हात तं रोज समोर होते."

रेघेखाली काय आहे हे पाहायला फार विद्या लागत नाही, नुसतं वाकावं लागतं. गेल्या वर्षी गावातला एक जण जरी वाकला असता तर बैल जगला असता आणि एका बाईचे हात शाबूत राहिले असते. म्हणून पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी वाकून पाहा.