उंच उंबऱ्याची गाडी

“बाई, दोरीच्या आत येऊ नका.”

“मी बाहेरच आहे. मान तेवढी आत गेलीय,” आत्या म्हणाली आणि ती मान तिने आणखी वीतभर आत घातली.

दोरीपलीकडे चंदेरी मर्सिडीझ थ्री हंड्रेड एसएल उभी होती, दोन्ही दारं आभाळाकडे करून. हटकणारा तिचा ड्रायव्हर. हातात पिवळं फडकं आणि चेहरा असा, की कंपनी त्याच्याच आजोबांनी काढली असावी.

आत्याला ही गाडी नवी नव्हती. तिच्या काचेच्या कपाटात हीच गाडी काडेपेटीएवढी होती, चपलेएवढी होती; लाल होती, काळी होती. माझे बाबा, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, त्या कपाटाला खुराडं म्हणत. दारं उघडलेली गाडी त्यांना पंख झाडणाऱ्या कोंबडीसारखी दिसे. “ताई, आज अंडी किती?” असं ते दर रविवारी विचारत आणि दर रविवारी स्वतःच हसत. आत्याचा हिशेब मात्र साफ होता. इस्पितळात एक्स-रे काढण्यात जन्म गेला. लग्न नाही, दागिने नाहीत, प्रवास नाही. शिल्लक पडली ती सगळी या एका गाडीच्या नावावर. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “अगं, हिच्यात बसतात कसं, ते मला कळत नाही.”

प्रश्न खरा होता. ही गाडी मुळात शर्यतीच्या गाडीवरून बेतलेली. वजन कमी राहावं म्हणून सांगाडा बारीक नळ्यांचा केला, आणि त्या नळ्या बाजूंनी इतक्या वर आल्या की साधं दार लावायला जागाच उरली नाही. मग दारं छताला टांगली. खाली राहिला तो उंच, बाकासारखा रुंद उंबरा. तो ओलांडून, स्टिअरिंगखाली पाय घालून माणूस आत जातो कसा? आत्याने वाचलं होतं की स्टिअरिंग वाकतं. तिच्या एकाही मॉडेलचं वाकत नव्हतं. एकाचं वाकवून पाहिलं, तर ते हातातच आलं.

खरी गाडी आमच्या गावात पहिल्यांदाच आली होती, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला, तीही एका दुपारपुरती. आत्याचा उजवा गुडघा वर्षभर कुरकुरत होता. आणखी थांबले तर हा मला पाटावरसुद्धा बसू देणार नाही, असं म्हणून ती मला घेऊन आली होती. गाडी बघायला नव्हे. बसायला.

“मालक कुठायत?”

“ते काय तिकडे. पण विचारू नका. त्यांच्या मिसेसनाही बसू देत नाहीत.”

मालक रिकाम्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. आत्याने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. ती माणसांना तसंच बघते, कातडीच्या आत काय आहे ते.

“तुम्ही स्वतः हिच्यात कधी बसला होतात शेवटचे?”

मालकांनी आधी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर फडकं झटकू लागला.

“त्याने नाही सांगितलं,” आत्या म्हणाली. “एका पायावर भार देऊन उभे आहात. कंबर ना?”

“ऑपरेशन झाल्यापासून नाही बसलो,” मालकांचा आवाज खाली आला. “गाडी हा चालवतो. मी मागून दुसऱ्या गाडीतनं येतो, आपल्याच गाडीची पाठ बघत.”

“मी बसवते तुम्हाला. मोडकीतोडकी माणसं टेबलावर चढवण्यात हयात गेलीय. नंतर मी बसणार. चालेल?”

मालकांनी गाडीकडे पाहिलं, मग आत्याकडे. “चालेल.”

मी तिचा दंड दाबला. “तू बस ना आधी.”

“ज्याचं जास्त दुखतंय त्याला आधी घ्यायचं असतं,” ती म्हणाली. एक्स-रेच्या खोलीतला नियम तिने मैदानात आणला, चुकलं ते इथेच.

ड्रायव्हरने खटका दाबून स्टिअरिंग खाली पाडलं. “वाकतं,” आत्या स्वतःशीच म्हणाली आणि त्याला ते पुन्हा करून दाखवायला लावलं.

मग ती मालकांकडे वळली. “आधी बूड. उंबऱ्यावर टेका. आता पाय विसरा, ते माझ्याकडे. श्वास घ्या. रोखा.” खडीत गुडघे टेकून तिने त्यांचे दोन्ही पाय उचलले आणि आत सरकवले. “सोडा.”

दार खाली आलं, इंजिन घुमलं, मालकांनी स्वतः चालवत मैदानाला फेरी मारली. परतले तेव्हा मालकांचं तोंड शाळा सुटल्यासारखं झालं होतं.

उतरताना मात्र कंबर धरली. आत जायची युक्ती उलटी चालवून पाहिली, ती चालेना. आत्या पुन्हा खडीत बसली आणि बोट बोट करत तिने त्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर त्यांना आडवं केलं.

“बाई, तुमचं राहिलं,” ते आतून म्हणाले. “निवांत बसा. मी सांगितलंय त्याला.”

“आधी घरी जा. आणि खड्ड्यातनं हळू न्यायला सांगा.”

ते गेल्यावर ड्रायव्हरने न सांगता उंबरा पुसला. आत्या त्यावर टेकली आणि तिने उजवा पाय उचलायला घेतला. गुडघा सुजून गोल झाला होता. तो वाकला नाही.

“मी उचलते,” मी म्हणाले.

“नको गं. असे गुडघे मी खूप बघितलेत. हा आज ऐकायचा नाही.”

“उद्या...” ड्रायव्हर म्हणाला आणि थांबला. गाडी लांबच्या पुढच्या प्रदर्शनाला न्यायला ट्रक येऊन उभा होता.

आत्या तशीच बसली, पाठ गाडीत, पाय मैदानात. मागे रेलून तिने वर पाहिलं. “ही मूठ कशाला?”

“आत बसलं की दार ओढून घ्यायला.”

“आमच्याकडच्या एकाही गाडीला नाहीये ही.” तिने हात लांबवून ती मूठ धरली. ओढली नाही.

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. ड्रायव्हरने मागे न बघता त्याला फडक्याने थांबायची खूण केली. उघड्या दाराची सावली आत्याच्या मांडीपर्यंत आली होती. गुडघे मात्र उन्हातच होते.